घड्याळ एक, खेळ दोन : मग पहिला नंबर कुणाचा?

आज एका कोड्यापासून सुरुवात करू. दोन मावसभाऊ आहेत अशी कल्पना करा. एक अमेरिकेत न्यू जर्सीला राहतो, दुसरा आमच्या दौलताबादेत, किल्ल्याच्या पायथ्याशी. दोघांच्याही घरी दूरचित्रवाणी संचाला जोडायचे जुने खेळयंत्र आहे. दोघेही 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५ सालचा जपानी खेळ खेळतात, आणि दोघेही इतके तरबेज आहेत की पडद्यावरच्या कितव्या चित्राला कोणती कळ दाबायची ह्यात दोघांत एका चित्राचाही फरक पडत नाही. न्यू जर्सीच्या भावाने राजकन्येला सोडवले तेव्हा त्याच्या घड्याळात ४ मिनिटे ५५ सेकंद झाले होते. दौलताबादच्या भावाला किती वेळ लागला असेल?

तुम्ही म्हणाल, "त्यात काय विचारायचे? तेवढाच!" पण नाही. त्याला लागले ५ मिनिटे ५४ सेकंद. तब्बल ५९ सेकंद जास्त, आणि त्यात त्याची काडीचीही चूक नाही.

हे कोडे मी उगाच रचलेले नाही. संगणकीय खेळ कमीत कमी वेळात संपवण्याच्या स्पर्धा आज जगभर चालतात. त्यांना 'स्पीडरन' म्हणतात. खेळाडू आरंभापासून शेवटपर्यंत आपल्या खेळाचे चित्रीकरण करतो, जाणकार पंच ते तपासतात, आणि मग वेळेच्या क्रमाने त्याचे नाव विक्रमांच्या यादीत लागते. वर सांगितलेल्या खेळात ४ मिनिटे ५५ सेकंदांच्या आतली वेळ पहिल्यांदा नोंदली गेली ती २०२१ साली. तेव्हापासून तिथली झुंज सेकंदाच्या लहानशा अंशांसाठी आहे. जिथे अंशासाठी झगडायचे, तिथे आपला मुलगा ५९ सेकंद मागे! घरातल्या वडीलधाऱ्यांना हा सगळा पोरखेळ वाटेल. वाटू द्या. मला ह्यात मोजमापाचा एक अस्सल प्रश्न दिसतो. आणि माझ्या वर्गातील मुले मधल्या सुट्टीत ह्यावरून हमरीतुमरीवर येतात, तेव्हा न्यायाचाही दिसतो.

ते ५९ सेकंद आले कुठून ते आधी पाहू.

आपल्या घरातली वीज प्रत्यावर्ती असते हे तुम्ही शिकला आहात. ती सेकंदाला ५० आवर्तने करते. अमेरिकेत मात्र ६०. दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या काळात अभियंत्यांनी पडद्यावर चित्र उमटण्याची गती विजेच्या आवर्तनांशी जुळवून घेतली. नाहीतर विजेच्या गुणगुणीमुळे चित्रावर सरकते पट्टे दिसत. म्हणून अमेरिकेत सेकंदाला ६० वेळा पडदा रंगू लागला आणि युरोपात ५० वेळा. (अमेरिकेत रंगीत प्रक्षेपण आल्यावर हा आकडा ५९.९४ झाला, पण आपल्या हिशेबाला ६० पुरे.) मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले ते ५० च्या पद्धतीने. १९८२ साली आपल्याकडे रंगीत चित्रे आली ती 'पाल' नावाच्या जर्मन पद्धतीने. ही पाल भिंतीवरची नव्हे, बरे का!

हा आकडा निसर्गाने दिलेला नाही, माणसाने ठरवलेला आहे. ह्याचा गमतीदार पुरावा जपानात मिळतो. तिथे टोकियोत वीज ५० आवर्तनांची आणि ओसाकात ६० आवर्तनांची आहे, कारण एकोणिसाव्या शतकात एका शहराने जर्मन जनित्रे घेतली आणि दुसऱ्याने अमेरिकन. दूरचित्रवाणी मात्र दोन्हीकडे ६० चीच. टोकियोच्या विजेचे आकडे आपल्यासारखे, पडद्याचे अमेरिकेसारखे.

आता खेळयंत्राकडे येऊ. त्या काळच्या यंत्रांत खेळ लिहिणारे लोक पडद्यालाच घड्याळ मानत. एक चित्र उमटले की खेळ एक पाऊल पुढे जाई : मारिओ थोडा सरके, कासव थोडे सरके, वेळेचा काटा थोडा उतरे. सेकंदाला ६० चित्रे धरून लिहिलेला खेळ ५० चित्रे काढणाऱ्या यंत्रात घातला, तर पावले तेवढीच पडणार, पण प्रत्येक पाऊल सावकाश. आपल्याकडे गल्लोगल्ली विकली गेलेली टीव्ही गेमची स्वस्त यंत्रे बहुतेक मूळ जपानी यंत्राची नक्कल होती. ती आपल्या संचांशी जुळावीत म्हणून ५० वर चालत. त्यांच्या कॅसेटमधला खेळ मात्र ६० साठी लिहिलेला असे. २९५ सेकंदांना ६० भागिले ५० ने गुणा. ३५४ सेकंद, म्हणजेच ५ मिनिटे ५४ सेकंद. कोडे सुटले!

इथे एक सापळा आहे, त्यात वर्गातली हुशार मुलेही पडतात. खेळाचा वेग किती टक्क्यांनी कमी झाला? ६० चे ५० झाले, म्हणजे १६.७ टक्क्यांनी. मग वेळ किती टक्क्यांनी वाढला? तोही १६.७ नव्हे, तो २० टक्क्यांनी वाढला. वेग आणि वेळ व्यस्त प्रमाणात असतात, आणि व्यस्त प्रमाणात टक्के सारखे राहत नाहीत. यादीवरून होणारी निम्मी भांडणे मला वाटते एवढ्यावरच होतात.

हे सर्व माझ्या शब्दावर मानू नका. स्वतः मोजा. ह्या खेळात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात उतरत जाणारा वेळेचा आकडा असतो. त्यातला एक आकडा उतरायला २४ चित्रे लागतात. मारिओला सुरक्षित जागी उभा करा आणि आकडा ३०० चा २०० होईपर्यंत मनगटी किंवा मोबाइलमधल्या घड्याळाने वेळ घ्या. शंभर आकडे म्हणजे २४०० चित्रे. ६० च्या यंत्रावर ४० सेकंद भरतील, ५० च्या यंत्रावर ४८. बोटाने घड्याळ चालू-बंद करताना तुमची चूक होईल ती सेकंदाच्या पाव भागाची, आणि मोजायचा फरक आहे आठ सेकंदांचा. इतका सोपा प्रयोग आमच्या प्रयोगशाळेतसुद्धा क्वचितच मिळतो! गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने माळ्यावरचे यंत्र आणले, तेव्हा आम्ही हा प्रयोग तीन वेळा केला. तिन्ही वेळा ४८ च्या आसपासच उत्तर आले, आणि लहानपणापासून ज्याला तो "मारिओ" म्हणत आला तो मंद मारिओ होता हे त्या मुलाला पटले. त्याचा चेहरा उतरला, हेही सांगायला हवे.

कानानेही हा फरक ओळखता येतो. 'सॉनिक' हा १९९१ सालचा खेळ युरोपातल्या ५० च्या यंत्रावर तसाच चालवला गेला. त्याचे संगीत तिथे रेंगाळत वाजे, पण स्वर जवळजवळ जागच्या जागी. तबलजीने लय ओढून धरावी आणि गायकाची पट्टी मात्र तीच राहावी, तसे. स्वर यंत्राच्या आतल्या वेगळ्या घड्याळावर ठरत होता आणि लय पडद्यावर.

एवढे कळल्यावर तुमच्या मनात उपाय लगेच येईल. "सर, सोपे आहे! ५० च्या यंत्रावरच्या वेळेला ५ भागिले ६ ने गुणायचे आणि सगळ्यांना एकाच यादीत बसवायचे." वर्गातही बहुतेकांचे मत हेच पडले. हे मत मला मान्य नाही, आणि का ते जरा सविस्तर सांगतो.

यंत्र मंद झाले तरी माणूस मंद झाला नाही. डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत आपल्याला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. न्यू जर्सीच्या मुलाच्या पडद्यावर तेवढ्या वेळात १२ चित्रे निघून जातात, आपल्या मुलाच्या पडद्यावर १० च. एखादी उडी एकाच चित्राच्या अवधीत साधायची असेल, तर अमेरिकन मुलाला १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि आपल्याला २०. म्हणजे मंद यंत्रावर खेळ सोपा असतो. मूळ वेळेने तुलना केली तर दौलताबादचा मुलगा आधीच हरलेला. गुणाकार करून तुलना केली तर न्यू जर्सीच्या मुलावर अन्याय. गुणाकाराने घड्याळ दुरुस्त होते, पण बोटांना मिळालेली सवलत परत घेता येत नाही.

बरे, ५० चे सगळे खेळही एकसारखे नाहीत. युरोपसाठी ह्याच खेळाची जी अधिकृत आवृत्ती निघाली तिच्यात कंपनीने मारिओची चाल बदलली. मूळ खेळात तो भरधाव पळताना एका चित्रात अडीच ठिपके सरकतो. युरोपीय खेळात तीन. अडीच गुणिले ६० म्हणजे १५०, आणि तीन गुणिले ५० म्हणजेही १५०. वेग सेकंदाला तोच राहिला! वाटते की न्याय झाला. पण खेळ फक्त चित्र उमटण्याच्या क्षणी पाहतो की मारिओ भिंतीला लागला का. पाऊल मोठे झाले की तो तपासणीच्या वेळी भिंतीत अधिक आत शिरलेला सापडतो. त्यामुळे भिंतीतून निसटण्याच्या युक्त्या दोन्ही आवृत्त्यांत सारख्या राहत नाहीत. शिवाय ह्या खेळात एक मजला संपवून पुढे जाण्याचे दार केव्हाही उघडत नाही. मूळ आवृत्तीत ते दर २१ चित्रांनी उघडते, म्हणजे ०.३५ सेकंदाने. आपल्या नकली यंत्रावर तीच २१ चित्रे ०.४२ सेकंद घेतात. युरोपीय आवृत्तीत दार दर १८ चित्रांनी उघडते, म्हणजे ०.३६ सेकंदाने. तुम्ही दाराशी एक चित्र उशिरा पोचलात की पुढच्या उघडण्यापर्यंत ताटकळत बसा. आता ह्या तीन दारांची एकमेकांशी तुलना कोणत्या अपूर्णांकाने करणार? म्हणूनच ह्या खेळाच्या विक्रमयाद्यांत अमेरिकन आणि युरोपीय आवृत्त्या वेगळ्या धरतात, आणि ते योग्यच आहे.

मैदानी खेळांत हा प्रश्न फार पूर्वीच आला. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये मिल्खासिंग ४०० मीटरमध्ये चौथे आले. हाताच्या घड्याळाने त्यांची वेळ ४५.६ सेकंद, विजेच्या घड्याळाने ४५.७३. १९९८ साली परमजीतसिंग ४५.७० मध्ये धावले, विजेच्या घड्याळावर. विक्रम मोडला की नाही? वाद झाला, आणि व्हायलाच हवा होता. पण हा वाद सुटण्याजोगा होता, कारण हाताच्या घड्याळाची चूक साधारण ठरावीक असते. बंदुकीचा आवाज ऐकून पंच कळ दाबतो त्यात थोडा वेळ जातो. म्हणून ४०० मीटरसाठी हाताच्या वेळेत ०.१४ सेकंद मिळवायचे असा संकेत आहे. मिळवून पाहा : ४५.७४. प्रत्यक्षाशी किती जवळ! तुमच्या व्हर्नियर कॅलिपरची शून्यांक त्रुटी आपण अशीच वजा करतो.

आणि ह्याहून सुंदर उदाहरण आमच्या मराठवाड्यातले आहे. बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी २०१८ साली भुवनेश्वरला ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ देऊन गोपाल सैनी यांचा १९८१ सालचा ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. सदतीस वर्षांचे अंतर, दोन देशांतली मैदाने, आणि फरक सेकंदाहून किंचित जास्त. तरी तुलना रास्त का? कारण पुरुषांचा अडथळा सगळीकडे ९१.४ सेंटिमीटर उंच असतो. पाण्याचा खड्डा मात्र कुठे धावपट्टीच्या आत असतो तर कुठे बाहेर, त्यामुळे एका फेरीची लांबी मैदानागणिक बदलते. मग काय करतात? सुरुवातीची रेषा पुढेमागे सरकवतात, म्हणजे एकूण अंतर ३००० मीटरच भरते. अडथळ्यांची उंची कुणी कमी केली असती, तर रेषा कितीही सरकवून उपयोग नव्हता. मग ती वेगळी शर्यत झाली असती. आमच्या किल्ल्याचे घ्या. समजा, बारादरीपर्यंत चढण्याची शर्यत लावली, आणि एकाला अंधारीच्या बोळातून पाठवले, दुसऱ्याला उजेडातल्या पायऱ्यांनी. दोघांच्या वेळांना कोणत्याही आकड्याने गुणा, मला ते पटणार नाही.

आता भाषेचा प्रश्न. काही खेळांत पात्रे फार बोलतात, आणि त्यांचे संवाद पडद्यावर अक्षर-अक्षर उमटतात. १९९८ सालच्या 'ऑकरिना ऑफ टाइम' ह्या खेळात इंग्रजी संवाद लांबतो. जपानी आणि चिनी लिप्यांत तोच मजकूर थोड्या अक्षरांत मावतो, म्हणून लवकर संपतो. ('नमस्कार' आपल्या लिपीत चार अक्षरे, रोमनमध्ये आठ. मराठी आवृत्ती निघाली असती तर आपण बरेच पुढे असतो!) परिणाम असा झाला, की ह्या खेळाचे कित्येक नामवंत खेळाडू एक शब्दही कळत नसलेली चिनी आवृत्ती खेळू लागले, आणि तेही केवळ चीनमध्ये विकल्या गेलेल्या यंत्रावर. इथे मात्र मी वेगळ्या याद्यांच्या विरुद्ध आहे. संवाद चालू असताना खेळाडूच्या कौशल्याला फारसा वाव नसतो. तो फरक मोजता येतो, आणि मोजता येतो म्हणून वजा करता येतो. काही खेळांच्या याद्यांत यंत्र माहिती भरत असताना घड्याळ थांबवतात. तसेच संवादाचेही करावे. नाहीतर विक्रम बोटांचा न राहता खिशाचा होतो. ज्याला परदेशातून यंत्र आणि कॅसेट मागवता येते तो चार पावले पुढे, आणि वेरूळ-खुलताबादच्या मुलाने काय करायचे?

ह्या खिशाच्या मुद्द्यावर मला जरा चीड आहे हे कबूल करतो. एकच यादी ठेवा म्हणणाऱ्यांचे म्हणणे असते, की सर्वांनी सर्वांत वेगवान आवृत्ती घ्यावी, म्हणजे प्रश्नच मिटला. ऐकायला समान वाटते. पण ते यंत्र ज्याच्या देशात विकले गेले त्याला ते माळ्यावर सापडते, आणि आपल्याला सीमाशुल्क भरून मागवावे लागते. आज संगणकावर जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्राम मिळतात, त्यांवर ६० चा खेळ दौलताबादेतही खेळता येतो, हे खरे. त्यामुळे ही अडचण पुष्कळ हलकी झाली आहे. तरी नक्कल किती हुबेहूब हा प्रश्न उरतोच, म्हणून पुष्कळ याद्यांत अशा खेळी वेगळ्या खुणेने दाखवतात.

उलट बाजूचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे, तो सांगायलाच हवा. याद्या वाढवत गेलो तर प्रत्येकाच्या वाट्याला एक विक्रम येईल. तीन जण असलेल्या यादीत पहिला येण्यात काय पुरुषार्थ? वर्गातल्या एका मुलीने हे विचारले आणि मला उत्तर द्यायला वेळ लागला. माझे उत्तर असे : जो फरक ठरावीक आहे आणि मोजता येतो, तो वजा करून यादी एकच ठेवावी. ज्या फरकाने बोटांना करायचे कामच बदलते, तिथे यादी वेगळी करावी, भले तिच्यात तीनच नावे असोत. त्या मुलीला हे पूर्ण पटले नाही. तिचे म्हणणे, तीन नावांची यादी कुणी पाहतच नाही, मग ती असून नसून सारखीच. ह्यात तथ्य आहे, आणि त्यावर नियमाने करता येण्याजोगा उपाय मला सुचलेला नाही.

आमच्या महाविद्यालयात येत्या स्नेहसंमेलनात मुलांनी त्या जुन्या यंत्रावर स्पर्धा ठेवली आहे. मी एकच अट घातली. भौतिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत एकक न लिहिता नुसता आकडा लिहिला तर मी गुण देत नाही, तसे फळ्यावर नुसते "५ मि. ५४ से." लिहायचे नाही. शेजारी यंत्राचा प्रकार, कॅसेट आणि सेकंदाला किती चित्रे, हे लिहायचे. मुलांनी त्यासाठी चार रकाने आखलेसुद्धा.

तुमच्याही माळ्यावर असे यंत्र पडले असेल तर धूळ झटकून ३०० ते २०० चा वेळ मोजा आणि तो आकडा, यंत्राच्या खालच्या बाजूस छापलेल्या मजकुरासह, संपादकांकडे पाठवा. बहुतेकांचे उत्तर ४८ च्या जवळ येईल असा माझा अंदाज आहे. ४० आणि ४८ सोडून तिसराच आकडा आला, तर पत्र आधी पाठवा.